काळी एक, सम आणि खाली

पांढरकवड्याला किंवा आजूबाजूच्या खेड्यात कुणी नव्याने पेटी, तबला किंवा गाणं शिकायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आधी कोणता राग घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. राग राहू द्या, तुमची पट्टी कोणती ते सांगा. बहुतेक जण इथेच गप्प होतात. दहा थाटांची नावं तोंडपाठ असतात, वादी-संवादीची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात, पण पेटीवर आपला सा कुठे आहे ते माहीत नसतं. परिभाषा ज्या क्रमाने कामी पडते त्याच क्रमाने शिकावी. मंडळात बसल्यावर पहिल्या मिनिटाला लागणारे शब्द आधी, परीक्षेच्या पेपरात लागणारे नंतर.

केळापूर तालुक्यातल्या माणसाचा कान काही कोरा नसतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी विदर्भातल्या गावागावांत पोचलेली आहे. त्यांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला, आणि गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना आजही खेड्यांतून सामुदायिकच होते. म्हणजे लहानपणापासून पोरं एका सुरात, एका लयीत बसायला शिकलेली असतात. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला जाणाऱ्या गर्दीत भजनं आहेत, पोळ्याला डफडं आहे, कोलामांच्या वस्तीवर, पोडावर, ढेमसा नाच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात गाणं, वाजवणं आणि नाचणं या तिन्हींना मिळून संगीत म्हटलं आहे. ढेमसा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कानाला पुष्कळ माहीत आहे, फक्त नावं लावायची राहिली आहेत. तेवढंच काम या लेखात करू.

पट्टी आणि सा

पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात. काळ्या दोन आणि तीन अशा झुपक्यांत बसवलेल्या असतात. दोनच्या झुपक्यातली डावीकडची ती काळी एक, तिच्या शेजारची काळी दोन. तीनच्या झुपक्यातल्या अनुक्रमे काळी तीन, चार, पाच. काळी एकच्या लगेच डावीकडे जी पांढरी, ती पांढरी एक. तिथून उजवीकडे मोजत गेलं की सातपर्यंत पांढऱ्या येतात. कीबोर्डवाली मुलं जिला 'सी' म्हणतात ती पांढरी एक आणि 'सी शार्प' ती काळी एक. मंडळात कुणी "काळी दोन द्या" म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की माझा सा काळी दोनवर आहे, बाकी सगळे स्वर तिथून मोजा.

मोजायचे कसे, ते एकदा बोटांनी करून पाहा. काळी-पांढरी असा भेद न करता प्रत्येक पट्टीला एक घर माना. सा ते रे दोन घरं, रे ते ग दोन, ग ते म एक, म ते प दोन, प ते ध दोन, ध ते नि दोन आणि नि ते वरचा सा एक. बेरीज बारा. आता सा काळी एकवर धरा. रे काळी दोनवर येईल. ग येईल पांढरी चारवर. म काळी तीनवर, प काळी चारवर, ध काळी पाचवर, नि पुढच्या सप्तकातल्या पांढरी एकवर आणि तार सा पुढच्या काळी एकवर. हेच पांढरी एकवरून केलं तर सगळे शुद्ध स्वर पांढऱ्याच पट्ट्यांवर मिळतात, म्हणून बरेच शिक्षक तिथून सुरुवात करून देतात. सुरुवातीला ठीक आहे. पण महिनाभराने दुसऱ्या पट्टीवर बसाच, नाहीतर हाताला पांढऱ्यांची सवय लागते आणि गायकाने काळी दोन मागितली की पेटीवाला घामाघूम होतो. पट्टी बदलली की बोटांचा रस्ता बदलतो, घरांची अंतरं बदलत नाहीत. संगीतशास्त्रातली ही पहिली गोष्ट नीट कळली की पुढचं अर्धं ओझं उतरतं.

स्वतःची पट्टी शोधायची असेल तर सर्दी-खोकला नसलेल्या दिवशी, गळा थोडा तापल्यावर बसा. एक पट्टी सा धरा आणि हळूहळू खाली जात मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, गाठा. तो नुसता हवा निघाल्यासारखा न येता नीट ऐकू यायला हवा. मग वर जात तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, जा. तिथे मान ताणली जात असेल, कपाळावर आठ्या येत असतील तर सा एक घर खाली घ्या. खालचा पंचम आणि वरचा गंधार दोन्ही ज्या सा वर सुखाने मिळतात ती तुमची पट्टी. पुरुषांची बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या दरम्यान पडते, बायकांची पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान. याला अपवाद भरपूर आहेत आणि त्यात कमीपणा नाही. वरच्या पट्टीत गाणारा मोठा, ही आपल्याकडची समजूत गळ्यांचं वाटोळं करते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांची पट्टी दर काही महिन्यांनी तपासावी आणि त्या काळात जोर लावू देऊ नये.

भजन मंडळात पट्टी चुकते ती एका ठरावीक ठिकाणी. धृपद खालच्या स्वरांत असतं, ते सगळ्यांना सोपं जातं, म्हणून उत्साहात पट्टी वर धरली जाते. मग चरण वर चढतो आणि निम्मे टाळकरी तोंड मिटतात. मागून एखादे काका म्हणतातच, "पट्टी भल्ली वर गेली जी!" उपाय साधा आहे. चालीतला सर्वांत वरचा स्वर कोणता ते आधी शोधा, तो गाऊन पाहा, आणि तो जिथे सगळ्यांना झेपेल तिथून उलट मोजत सा ठरवा. स्त्री-पुरुष एकत्र गाणार असतील तर एक गणित लक्षात ठेवा : काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. पुरुषाचा सा आणि बाईचा सा यांत बरेचदा नेमकं एवढंच अंतर असतं, म्हणून एकाच पट्टीत दोघांनाही सोयीचं होईल अशी चाल निवडणं हे मंडळप्रमुखाचं खरं कसब.

कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. एक आकडा वाढवला की सगळे स्वर एक घर वर सरकतात, बोटं मात्र पांढऱ्या पट्ट्यांवरच राहतात. कार्यक्रमात हे बटण खुशाल वापरा, सराव करताना हात लावू नका. तबलजीला अशी सोय नसते. तबला ज्या पट्टीचा बांधलेला असतो तिच्या आसपास एखाद-दोन घरंच तो खाली-वर होतो, काळी एकचा तबला काळी चारला चालत नाही. चामड्याच्या वाद्यांवर हवेचाही परिणाम होतो. पावसाळ्यात चामडं ओलावा धरतं आणि आवाज उतरतो, म्हणून तर डफडं वाजवण्याआधी विस्तवावर शेकतात.

घरी सरावाला तानपुरा नसेल तर मोबाइलवरचा चालतो. त्यात पट्टी निवडायची आणि पहिली तार कोणत्या स्वराची ते ठरवायचं : बहुतेक वेळा पंचम, ज्या रागात पंचम नाही तिथे मध्यम. रोज दहा-पंधरा मिनिटं नुसता सा लावून बसा. कंटाळवाणं आहे. पण आपला आवाज तानपुऱ्यात मिसळला की मध्येच स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येईनासा होतो, ते झालं की सूर लागला असं समजा.

स्वर आणि त्यांच्या खुणा

सात स्वर सगळ्यांना माहीत असतात, पट्ट्या मात्र बारा. उरलेले पाच कुठून आले? सा आणि प हलत नाहीत, त्यांना अचल स्वर म्हणतात. रे, ग, ध, नि एक घर खाली उतरतात, तेव्हा ते कोमल. म एकटाच एक घर वर चढतो, तो तीव्र. काळी एकच्या सा वर कोमल रे पांढरी दोनवर, कोमल ग पांढरी तीनवर, तीव्र म पांढरी पाचवर, कोमल ध पांढरी सहावर आणि कोमल नि पांढरी सातवर. बाराही पट्ट्यांचा हिशेब लागला. खालचं सप्तक मंद्र, मधलं मध्य, वरचं तार.

वहीत हे लिहायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत झाली की सगळी चाल बिघडते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराच्या खाली टिंब आणि तार स्वराच्या वर टिंब. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या (१८७२–१९३१) पद्धतीत मंद्र स्वराच्या वर टिंब असतं आणि तार स्वरावर उभी रेघ. म्हणजे एकात जो तार, तो दुसऱ्यात मंद्र. पुस्तक हातात घेतलं की आधी सुरुवातीची खुणांची पानं बघा, मग पेटी उघडा. दोघांची नावं सारखी असल्याने पोरं माणसंही बदलून टाकतात, म्हणून जाता जाता : भातखंड्यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून बंदिशी गोळा करून शास्त्राची मांडणी केली आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला; पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि सामान्य घरातल्या मुलामुलींना गाणं शिकायची वाट करून दिली.

श्रुती हा शब्द नवशिक्याला घाबरवतो. त्याचं व्यवहारातलं रूप एवढंच : पेटीवर बारा स्वर ठोकून बसवलेले आहेत, गळ्याला ते बंधन नाही. सा जर सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर प ३६० चा आणि तार सा ४८० चा. तानपुऱ्यात ऐकू येणारा नैसर्गिक शुद्ध गंधार ३०० चा असतो. पेटीचा मात्र ३०२.४ च्या आसपास पडतो, कारण कुठल्याही पट्टीवरून वाजवता यावं म्हणून बाराही घरं सारख्या प्रमाणात वाटून दिलेली असतात. हे दोन गंधार एकत्र वाजले तर सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज हेलकावतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हेही पेटीला जमत नाही. या कारणांवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१ पर्यंत. मला तो निर्णय टोकाचा वाटतो, खेड्यातल्या माणसाला सूर पेटीनेच शिकवला आहे. पण गळ्याचा सराव तानपुऱ्यावर आणि चालीचा पेटीवर, ही विभागणी करून ठेवा.

लय, मात्रा, ताल

इथे जास्त वेळ द्या. सुराला कच्चा माणूस मंडळात खपून जातो, लयीला कच्चा असला की शेजारचा टाळ थांबतो.

लय म्हणजे दोन ठोक्यांमधलं सारखं अंतर. ते अंतर मोठं असेल तर विलंबित, मधलं असेल तर मध्य, लहान असेल तर द्रुत. प्रत्येक ठोका ही एक मात्रा. मोबाइलवरचा मेट्रोनोम ६० वर लावला की सेकंदाला एक मात्रा पडते, १२० वर लावला की दोन. मात्रांची ठरावीक संख्या, तिचे ठरावीक भाग आणि टाळीच्या जागा हे सगळं मिळून ताल होतो. ताल एकदा पूर्ण फिरला की एक आवर्तन. तबल्यावर तो ओळखू यावा म्हणून जे बोल ठरवलेले असतात तो ठेका.

त्रिताल हातावर करून बघू, कारण ज्याला त्रिताल हातावर येतो त्याला बाकीचे ताल फारसे अडवत नाहीत. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या मात्रेला टाळी, पुढच्या तीन मात्रा बोटांवर मोजा. पाचव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला टाळी नाही, हात बाजूला उलटा करा : ही खाली. तेराव्या मात्रेला पुन्हा टाळी. मग सोळा संपून जी पहिली मात्रा येते ती सम. बोल तोंडाने म्हणा, नुसते आकडे मोजू नका. आता कान देऊन ऐका : खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा गेलेला असतो, 'धिं'चा 'तिं' होतो, 'धा'चा 'ता' होतो. समेकडे परत येताना तेराव्या मात्रेनंतर घुमारा परततो. डोळे मिटूनही आपण आवर्तनात कुठे आहोत हे या फरकावरून कळतं. खालीचं काम हेच आहे, आणि हातवारा ही केवळ तिची खूण. १२० च्या लयीत हे आख्खं आवर्तन आठ सेकंदांत होतं. ६० वर सोळा सेकंद लागतात, आणि संथ लयीत टिकून राहणं अवघड असल्याचं तुमच्या लगेच लक्षात येईल. म्हणून सराव संथ लयीत करा.

सम म्हणजे गाण्याचा पहिला शब्द, ही मोठी गैरसमजूत आहे. पुष्कळ चाली समेच्या आधी उठतात. त्रितालातल्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून सुरू होतात आणि चार-सहा अक्षरांनंतर समेवर येऊन बसतात. गाण्याचा जो तुकडा असा समेवर आणून सोडतो तो मुखडा. नवं गाणं ऐकताना वजन कुठल्या अक्षरावर पडतंय ते शोधा. तबल्याचा ठळक 'धा' आणि श्रोत्यांच्या माना जिथे एकत्र खाली येतात तिथे सम. तबलजीला "कुठून उठतं?" हे सांगता आलं पाहिजे. नाहीतर तो तुमच्या पहिल्या शब्दालाच सम धरून वाजवू लागतो आणि पुढची दोन आवर्तनं ओढाताणीत जातात.

भजनाला लागणारे ताल मोजके आहेत. केरवा आठ मात्रांचा : धा गे न ति । न क धि न. दादरा सहाचा : धा धी ना । धा ती ना. पाळण्याला, ओवीच्या वळणाच्या गाण्याला हा छान बसतो. भजनी ठेकाही आठ मात्रांचाच, पण त्याची गंमत अर्ध्या मात्रांच्या आघातांत आहे : धिं ऽ ना धिं ऽ धिं ना ऽ, मग तोच आकार 'तिं'ने. एका मात्रेत दोन अक्षरं बसतात, आणि 'ऽ' ही विश्रांतीची जागा आहे, तिथे काही वाजत नसलं तरी मोजायची असते. नवशिका खंजेरीवाला नेमका हीच जागा खातो आणि पुढे पळतो. धुमाळीही आठचीच. सात मात्रांचा रूपक मात्र थोडा खट्याळ आहे : तीं तीं ना । धी ना । धी ना. यात समेलाच खाली आहे, म्हणजे पहिल्या मात्रेला टाळी न देता हात उलटा करायचा. याचं कोडं सोडवत बसू नका, असाच स्वीकारा. झपताल दहाचा, एकताल बाराचा. ते शास्त्रीय गाण्याकडे वळाल तेव्हा येतील.

दुगुन आणि लय वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गजर रंगात आला की आख्खं मंडळ हळूहळू जलद होतं : ठोकाच जलद पडायला लागतो, हे लय चढणं झालं. दुगुनीत मात्रा आहे त्याच वेगाने चालू राहते आणि एका मात्रेत दोन बोल बसवले जातात. पायाने ठोका धरा, तोंडाने त्रिताल एकदा सरळ आणि एकदा दुप्पट म्हणा; पायाचा वेग बदलला नाही तर दुगुन जमली. तिप्पट ती तिगुन, चौपट ती चौगुन. गजरात लय चढण्याला माझी हरकत नाही, त्यात मजा असते. पण ती ठरवून चढवावी. अभंगाच्या मध्यावर कुणाच्याही लक्षात न येता जी चढते, तिला लय पळणं म्हणतात आणि बहुतेक वेळा दोषी खंजेरी किंवा टाळ असतो, तबला नव्हे.

तिहाई ऐकायला सगळ्यांना आवडते : एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात नेमका समेवर आणायचा. पहिल्या वर्षात स्वतः करायला जाऊ नका, दुसऱ्याची ओळखायला शिका.

राग : पाच काळ्या पट्ट्यांचा खेळ

आता राग. त्याची व्याख्या पाठ करण्याआधी पेटीवर एक प्रयोग करा. फक्त पाच काळ्या पट्ट्या वापरायच्या, पांढरीला हात लावायचा नाही.

काळी तीनला सा धरून वर जा : सा रे ग प ध. हे भूपाचे स्वर झाले. त्याच पट्ट्या, पण सा काळी एकवर धरा : सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. काळी पाचवरून सुरुवात करा : सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. मालकंस. काळी दोनवरून सा, कोमल ग, म, प, कोमल नि : धानी. आणि काळी चारवरून सा, रे, म, प, कोमल नि : मेघ किंवा मध्यमाद सारंग. पट्ट्या पाचच, सा हलला की सगळी मांडणी बदलली. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. लेखाच्या सुरुवातीला राग बाजूला ठेवून पट्टी विचारली होती, ती का, ते इथे बोटांना कळतं. तानपुरा त्या-त्या सा वर लावून हे वाजवा, नुसत्या पेटीवर सा बदलल्याचं कानाला पटत नाही.

पण स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला असं नाही. भूप आणि देसकार यांचे स्वर अगदी तेच पाच आहेत. भूपात वजन गंधारावर, म्हणजे गंधार वादी आणि धैवत संवादी. देसकारात उलट : धैवत वादी, गंधार संवादी. त्यामुळे भूप सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो, देसकार वरच्या अर्ध्यात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देसकार सकाळी. वादी म्हणजे ज्याच्याकडे राग सारखा परततो तो स्वर, संवादी म्हणजे त्याचा जोडीदार. वर जाण्याचा क्रम आरोह, खाली येण्याचा अवरोह, आणि ज्या लहानशा स्वरगुच्छावरून राग चटकन ओळखू येतो ती पकड. रागात पाच स्वर असतील तर औडव, सहा असतील तर षाडव, सातही असतील तर संपूर्ण.

थाट ही रागांची वर्गवारी आहे, गायची गोष्ट नाही. भातखंड्यांनी दहा थाट मांडले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. परीक्षेसाठी पाठ करावेच लागतात. कामी पडतात ते मात्र असे : एखादी चाल कानावर आली, तिचे कोमल-तीव्र स्वर शोधून काढले, की कोणत्या घराण्यातली मंडळी आहेत याचा अंदाज बांधता येतो. सगळे शुद्ध तर बिलावल, तीव्र म दिसला तर आधी कल्याण तपासा, रे ग ध नि चारही कोमल तर भैरवी. पहिला राग भूप घ्या, दुसरा दुर्गा. दोन्ही पाच-पाच स्वरांचे आहेत आणि एकही स्वर कोमल नाही. यमन सुंदर आहे, पण घाईने घेतला की सगळ्या चाली यमनासारख्या व्हायला लागतात.

उरलेले शब्द पटकन आटोपतात. शास्त्रीय बंदिशीचा पहिला भाग अस्ताई, वर चढणारा दुसरा भाग अंतरा; भजनात त्यांच्या जागी धृपद आणि चरण. ताल सुरू होण्याआधी सावकाश स्वर उलगडणं म्हणजे आलाप, जलद स्वरांची लड ती तान. सरावासाठी रचलेल्या स्वरांच्या ओळी ते अलंकार किंवा पलटे. मूळ स्वराला शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श तो कण. मुरकी, खटका, गमक हे शब्द पुस्तकात वाचून उपयोग नाही, समोर बसून कुणीतरी करून दाखवल्याशिवाय ते कळत नाहीत.

कीबोर्ड आणि गिटारवाल्या मुलांच्या तोंडी येणारे शब्द ओळखीचे करून घ्या, म्हणजे एकत्र वाजवताना भांडण होत नाही. त्यांचं स्केल म्हणजे स्वरांची मांडणी, आणि बोलताना ते आपल्या पट्टीलाही स्केलच म्हणतात. टेम्पो ती लय, बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर : काळी एकच्या सा वर काळी एक, पांढरी चार आणि काळी चार एकत्र दाबली की सा-ग-प हा मेजर कॉर्ड झाला, पांढरी चारच्या जागी पांढरी तीन घेतली की कोमल गंधाराचा मायनर. भजनात कॉर्ड वापरायचा तर चालीतल्या स्वरांशी ताडून वापरा. कोमल गंधाराच्या चालीखाली मेजर कॉर्ड दाबून धरणारे महाभाग मी ऐकलेले आहेत.

परीक्षेची गोडी असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमाच्या दोन आणि पुढे विशारद. प्रमाणपत्रासाठी नव्हे, अभ्यासाला एक वेळापत्रक मिळतं म्हणून पहिल्या दोन द्याव्यात असं माझं मत. वहीत व्याख्या उतरवताना प्रत्येकीपुढे आपल्या मंडळातल्या एका भजनाचं नाव लिहा. सम म्हटलं की कोणत्या शब्दावर, खाली म्हटलं की कोणत्या शब्दावर. उदाहरण सापडत नसेल तर तो शब्द पुढच्या महिन्यावर ढकला.

आणि नवरात्रात पहिल्यांदा माईकसमोर बसायची वेळ आली तर साथीदारांना आधी एवढं सांगता यायला हवं : "काळी एक. भजनी ठेका, मध्य लय. धृपद समेच्या आधी दोन मात्रा उठतं. तीन चरण, तिसऱ्यानंतर लय चढवून गजर." पेटीवाला, तबलजी, खंजेरीवाला तिघांचंही काम एवढ्यावर होतं. हे मंचावर चढण्याआधीच सांगा, कारण तबला पट्टीला मिळवायला पाच-सात मिनिटं जातात. तेवढा वेळ माईकवर सूचना वाचत राहील असा एखादा बोलका कार्यकर्ता हाताशी धरून ठेवा, आणि तबलजी गठ्ठे ठोकत असताना हळू बोलायचं, हे त्याला आधीच बजावून ठेवा.